डावा मागचा दरवाजा

एकोणिसाव्या रात्री फोन थरथरला उशाशी:
सात हजार नऊशे ब्याऐंशी रुपये,
आपल्या कार्डावर.
दिवा न लावता मी तीनदा वाचलं.
गाडी तर केव्हाच परत केली होती,
टाकी भरून, किल्ली हातात देऊन,
अजिंठा चौफुलीपाशी.

एक्कावन्नाव्या वर्षी स्टिअरिंग धरलं मी.
रावेरला ताईकडे स्वतः चालवत जायचं, एवढीच हौस.
तापीच्या पुलावर मागचा ट्रक भोंगा वाजवत राहिला
आणि मी चाळीसच्या वर गेले नाही.
ताईनं गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणाली,
"लोकायची गाडी हाय वं माय, जपून."
आणि निघताना मागच्या सीटवर
केळीचा अख्खा घड ठेवला.

"मॅडम, डावा मागचा दरवाजा. ओरखडा."
फोनवरचा मुलगा कुठला होता कोण जाणे,
त्याच्यामागे आणखी शंभर मुलं बोलत होती.
मी म्हटलं, तो आधीपासून होता.
तो म्हणाला, तसं सिस्टीममध्ये दिसत नाही.
मी म्हटलं, सिस्टीमनं गाडी पाहिली होती का?
तो थोडा हसला असावा. मग संगीत लागलं.

बँकेच्या फॉर्मवर दोनच गोल:
व्यवहार मी केलेला नाही.
व्यवहार केला, रक्कम मान्य नाही.
केला कुणी, मान्य कुणी,
आणि माझ्या सहीशिवाय माझ्या कार्डाला हात कसा लागला,
याला गोल नव्हता.
कारण लिहा, दोनशे अक्षरांत.
पस्तीस वर्षं फैजपूरच्या शाळेच्या ऑफिसात
मी अर्ज लिहिलेत दुसऱ्यांचे,
रजेचे, फी माफीचे, जन्मतारखेच्या दुरुस्तीचे.
स्वतःसाठी लिहिताना
"सविनय" लाच सहा अक्षरं गेल्यासारखं वाटलं.
खोडलं.

फोटो मात्र होता.
गाडी घेतानाचा, सकाळी साडेआठचा:
पांढरा दरवाजा, त्यावर वीतभर रेघ,
रेघेवर बोट ठेवून उभा तिथला पोरगा,
दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप.
"हे जुनंच आहे, ताई. काढून ठेवा फोटो."

त्याला शोधलं. समीर तडवी.
आता फुले मार्केटात मोबाईलच्या काचा बदलतो.
फोटो पाहून म्हणाला, हो, मीच म्हटलं होतं.
लिहून देशील?
त्यानं एका फोनची काच फुंकली,
पुसली, पुन्हा फुंकली.
"दोन महिन्यांचा पगार अडकलाय ताई माझा तिकडं."
मी अजून मागायला हवं होतं का?
त्यानं माझ्या फोनला फुकट कव्हर घातलं
आणि मी ते घालू दिलं.

घरी येऊन फोटो कापला.
आधी त्याचा चेहरा गेला, मग चहाचा कप,
मग मनगटावरचा हिरवा दोरा.
बोट काढता आलं नाही,
बोट काढलं असतं तर रेघेचं टोकही गेलं असतं.
तेवढं एक बोट पाठवलं बँकेला.
साक्षीदार म्हणून.

सव्वीस दिवसांनी पैसे आले, तात्पुरते.
मेसेजमध्ये तसंच लिहिलंय: तात्पुरते.
कंपनीनं पंचेचाळीस दिवसांत काही म्हटलं नाही
तर कायमचे.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रोज रेघ मारते.

आणि एक गोष्ट दोनशे अक्षरांत बसली नाही,
बसली असती तरी मी लिहिली नसती बहुतेक.
घडाच्या देठाखाली पोतं होतं, पण भोक पडकं.
सावद्याच्या वळणावर तो कलंडला
आणि चीक सांडला राखाडी सीटवर,
रुपयाएवढा.
तेव्हा पाण्यासारखा होता, दिसलाही नाही.
आता काळा पडला असेल,
जाणार नाही कशानंच.
त्याचं कुणी काही मागितलेलं नाही.

माझ्या पदरालाही लागलाय तोच.
साडी धुऊन वाळत घातलीय गच्चीवर.
अठ्ठाविसावी रेघ मारली आज.